‘अजून म्हणजे कधी?’ – हुशार ठरलेल्या एका विद्यार्थिनीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३-२४ या शैक्षणिक वर्षातील आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका मोठ्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत, माझ्याकडे असलेल्या पाचवीच्या वर्गात ते घडले. वर्गाचा पट २७ होता आणि त्यांपैकी १२ मुले शिष्यवृत्तीच्या जादा तासाला येत. ज्या मुलीविषयी हे लिहीत आहे तिला येथे मुक्ता म्हटले आहे. हे तिचे खरे नाव नाही आणि तिची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशीलही बदलले आहेत.

मुक्ताचे वडील दूध संकलन केंद्रावर कामाला आणि आई घरीच शिवणकाम करणारी. चौथीलाही हा वर्ग माझ्याकडेच होता. तिचे अक्षर सुरेख, पाठांतर पक्के, वाचन खणखणीत. परिपाठात बोधकथा सांगायची असो की पाहुण्यांसमोर कविता म्हणायची असो, आम्ही सगळे शिक्षक तिलाच पुढे करत होतो. चौथीच्या मूल्यमापन नोंदवहीत मी तिच्यासाठी ‘अतिशय हुशार, कोणतीही गोष्ट पटकन समजते’ अशी वर्णनात्मक नोंद केली होती. ती नोंद करताना मला तिचा अभिमान वाटत होता. पुढे जे घडले त्यात या एका वाक्याचा वाटा किती मोठा होता, हे कळायला मला जवळजवळ चार महिने लागले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. ही मुले पहिलीत असताना, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दुसरीचे संपूर्ण वर्ष फोनवर आणि स्वाध्यायपुस्तिकांवर गेले, आणि तिसरीचे वर्ग आमच्याकडे प्रत्यक्ष भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये. पाव, अर्धा, पाऊण या ओळखीपासून अंश-छेदाकडे जाण्याचा काळ नेमका याच वर्षांत येतो. मुक्ताने अपूर्णांकांचे नियम पाठ केले होते आणि चौथीत त्यावर तिचे निभावूनही गेले. कागदाला घडी घालून, भाकरीचे वाटे करून अपूर्णांक हाताखालून जायला हवा, तो मात्र तिच्या कधीच गेला नव्हता आणि आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते.

अडचण

त्या वर्षी पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे दोन पेपर होते. पहिला प्रथम भाषा व गणिताचा, दुसरा इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणीचा. प्रत्येक पेपरला ७५ प्रश्न, १५० गुण आणि दीड तास. पहिल्या पेपरात गणिताचे ५० प्रश्न, म्हणजे १०० गुण होते. पात्र ठरण्यासाठी दोन्ही पेपरांत स्वतंत्रपणे किमान ४० टक्के, म्हणजे ६० गुण लागत.

ऑगस्टमधील पहिल्या सराव चाचणीत मुक्ताला पहिल्या पेपरात ५४ गुण पडले. भाषेत ५० पैकी ३४ आणि गणितात १०० पैकी २०. गुण मी नेहमीप्रमाणे वर्गात मोठ्याने वाचले. तिच्या नावाला वर्ग क्षणभर शांत झाला, मागच्या बाकावरून कोणीतरी “मुक्ताला?” असे म्हटले, आणि ती खाली मान घालून पट्टीने वहीवर रेघ मारत राहिली.

त्यानंतर तीन गोष्टी हळूहळू दिसू लागल्या. पहिली म्हणजे तिची उत्तरे खोडली जाऊ लागली. गणिताच्या वहीत एकाच जागी इतके वेळा खोडरबर फिरलेले असे की कागद विरून पलीकडचे पान दिसे. दुसरी म्हणजे, ज्या प्रश्नाचे उत्तर लगेच सुचत नाही तो ती सोडूनच देई. चुकीचे उत्तर लिहिण्यापेक्षा जागा कोरी ठेवणे तिला सुरक्षित वाटत होते. तिसरी म्हणजे चाचणीच्या दिवशी पोट दुखणे. सप्टेंबरमधील दोन्ही चाचण्यांना ती घरी राहिली.

खरा प्रकार उघड झाला तो बाजाराच्या दिवशी. मुक्ताची आई भेटली आणि आनंदाने म्हणाली, “बाई, एकशे बारा पडले म्हणे हिला. पेपर मात्र हरवलाय म्हणती.” दुसऱ्या दिवशी मी कोणाच्या नकळत मुक्ताला विचारले. तिने काही न बोलता कंपासपेटी उघडली. कर्कटकाच्या खाली, घड्यांवर घड्या घालून आगपेटीएवढी केलेली ती उत्तरपत्रिका होती.

मी याकडे लबाडी म्हणून पाहिले असते तर प्रकरण तेथेच संपले असते आणि मुलगीही हातची गेली असती. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला एका प्रशिक्षणामुळे माहीत होते. अमेरिकेतील पाचवीच्याच मुलांना एक तुलनेने सोपा प्रश्नसंच सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले गेले, तर काहींना ‘तू मेहनत घेतली असशील’ असे. पुढे मुद्दाम अवघड संच दिला आणि नंतर आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला लिहून कळवायला सांगितले, तेव्हा हुशार म्हणवल्या गेलेल्यांपैकी दहातल्या जवळजवळ चौघांनी ते वाढवून लिहिले. मेहनतीचे कौतुक झालेल्यांत हे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. ज्या मुलाला आपली किंमत हुशारीवरून ठरते असे वाटते, त्याला कमी गुण म्हणजे उघडे पडणे वाटते. कंपासपेटीतली ती घडी पाहताना हा प्रयोग मला पहिल्यांदा कळला. तोवर तो फक्त ऐकलेला होता.

विचारात घेतलेले पर्याय

मुख्याध्यापकांचे मत होते की मुक्ताला या वर्षापुरते शिष्यवृत्तीच्या गटातून काढावे. त्यामागे शाळेच्या निकालाची काळजी होती, पण केवळ तेवढीच नव्हती. मुलीवर ताण येतो आहे हे त्यांनाही दिसत होते. माझी हरकत एवढीच होती की ‘अवघड लागले की बाजूला होता येते, आणि मोठी माणसेही तेच सुचवतात’ हा धडा तिला आमच्याकडूनच मिळाला असता.

दुसरा पर्याय सरावसंच वाढवण्याचा. गावातल्या खासगी शिकवणीत रोज एक प्रश्नपत्रिका सोडवून घेत आणि वडिलांचा कल तिकडे होता. परंतु जी मुलगी ३/८ हा ३/५ पेक्षा मोठा मानते, कारण आठ पाचापेक्षा मोठे, तिने असे पन्नास प्रश्न आणखी सोडवले तर ती चूक पन्नास वेळा घोटली जाते.

तिसरा पर्याय मी सर्वांत आधी वापरला, आणि तो फसला. शिक्षण परिषदेत आम्हांला विकासशील मानसिकतेवर, म्हणजे ज्याला सर्रास ‘ग्रोथ माइंडसेट’ म्हटले जाते त्यावर, एक सत्र झाले होते. बुद्धी ही ठरलेली वस्तू नसून योग्य प्रयत्नाने वाढते असे मुलांच्या मनावर बिंबवावे, हे त्याचे सार. मी उत्साहाने वर्गात तक्ता लावला. एका बाजूला ‘मला येत नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मला अजून येत नाही’. आठवडाभर प्रत्येकाला ‘अजून’ म्हणायला लावले आणि चुकलेल्या उत्तरांनाही “छान प्रयत्न!” असा शेरा दिला. एका दुपारी मुक्ताने अपूर्णांकांची बेरीज चुकवली, मी म्हटले, “हरकत नाही, अजून येत नाही इतकंच.” तिने माझ्याकडे पाहून विचारले, “अजून म्हणजे कधी, बाई?”

तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला तारीख हवी होती, किंवा निदान रस्ता. माझ्याकडे त्या क्षणी दोन्ही नव्हते. ‘छान प्रयत्न’ हा शेरा पडला की उत्तर चुकले आहे, हे एव्हाना सगळ्या वर्गाने ओळखले होते.

या कल्पनेच्या मर्यादा संशोधनातही दिसलेल्या आहेत. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन सत्रांनी कमी गुण मिळवणाऱ्या मुलांची श्रेणी वाढली खरी, पण ती वाढ लहान होती, आणि ज्या शाळांत सोबतची मुलेही अवघड कामाला हात घालत होती तेथे ती अधिक दिसली. एका मुलीच्या डोक्यात विचार बसवणे पुरेसे नाही, तिच्या भोवतीचा वर्ग कसा वागतो हे तितकेच महत्त्वाचे, असा अर्थ मी त्यातून घेतला.

म्हणून चौथा पर्याय निवडला. मुक्ताचा आणि तिच्यासारख्याच अडलेल्या तीन मुलांचा अपूर्णांक पायापासून पुन्हा बांधायचा, त्यासाठी तीन आठवडे सराव चाचण्या थांबवायच्या, आणि संपूर्ण वर्गात चुकीशी वागण्याची पद्धत बदलायची. यात धोका होता. फेब्रुवारीतल्या परीक्षेला तीनच महिने उरले होते आणि जादा तासाचे हे तीन आठवडे इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणीतून कापले जाणार होते.

केलेली कृती

सुरुवात घरापासून केली, आणि तेथेच एक चूक झाली. गुणांची खरी गोष्ट आईला तूच सांग, असे मी मुक्ताला म्हटले आणि दोन दिवस दिले. ती दोन्ही दिवस शाळेत आली नाही. ज्या ओझ्याने मूल वाकले आहे तेच मी तिला एकटीने उचलायला सांगितले होते. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले, तिला जवळ बसवले आणि आईला मीच सांगितले. मुक्ता ऐकत होती. तिला हुशार म्हणत राहण्यात माझी काय चूक झाली, हेही मी सांगितले.

आजोबा दारातून म्हणाले, “आमच्या घरात गणित कोणालाच आलं नाही.” ते नातीला धीर देण्यासाठी बोलले, पण अशा धीरानेच मूल हात टेकते. आई मात्र बराच वेळ गप्प होती. मशीनवर अर्धे शिवलेले ब्लाउज होते. मग ती म्हणाली, “बाही उलटी लागली तर मी काय करते? उसवते नि परत लावते. हिनं ते कधी पाहिलंच नाही. दिवसा गिऱ्हाईक असतं, म्हणून उसवायचं काम मी रात्री करते, ही झोपल्यावर.”

मला जे तक्त्याने सांगता आले नव्हते ते या वाक्यात होते. मुक्ताने आईचे फक्त इस्त्री केलेले, घडी घातलेले कपडे पाहिले होते, आणि आमच्याही शाळेत फळ्यावर फक्त बरोबर उदाहरणेच राहत, चुकलेली डस्टरने पुसली जात. मी आईला एकच विनंती केली, की उसवायचे काम थोडे दिवस संध्याकाळी, मुक्तासमोर करा. तिने ते केले. पुढे तर टाके ओढून काढायला मुक्ताच बसू लागली.

वर्गात मी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापून घेतल्या. चौघांना १/२ + १/३ चे उत्तर आधी लिहायला सांगितले. चौघांनीही अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ लिहिले. मी बरोबर-चूक काहीच म्हटले नाही. एका पट्टीचा अर्धा भाग, दुसरीचा तिसरा भाग आणि तिसरीचे पाचातले दोन भाग कापून घ्या, एवढेच सांगितले. बाकावर १५, १० आणि १२ सेंटिमीटरचे तुकडे पडले. मुक्ताने १२ चा तुकडा १५ च्या खाली ठेवला, पुन्हा उचलला, कडा नीट जुळवून पुन्हा ठेवला.

“बाई, मिळवल्यावर कमी कसं झालं?”

हा प्रश्न तिचा स्वतःचा होता, आणि त्याचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. दुसऱ्या दिवशी तिने १५ आणि १० चे तुकडे एकापुढे एक ठेवले, पंचवीस सेंटिमीटर मोजले आणि दोन्हींत बसेल असे माप शोधत बसली. पाच सेंटिमीटरचा तुकडा अर्ध्यात तीन वेळा, तिसऱ्या भागात दोन वेळा आणि अख्ख्या पट्टीत सहा वेळा बसतो, हे सापडायला दोन तासिका गेल्या. समच्छेद हा शब्द तिला आधीपासूनच पाठ होता. छेद का सारखे करायचे हे तिला त्या दिवशी समजले. मी तिला “शाब्बास, हुशार आहेस” म्हटले नाही. “दोन्हींत बसणारं माप तू शोधलंस, म्हणून सुटलं,” असे म्हटले. जे केले त्याचे नाव घेऊन सांगण्याची ही सवय लावून घेणे मला जितके जड गेले तितके या प्रकरणात दुसरे काहीच गेले नाही. वीस वर्षांच्या नोकरीत ‘हुशार’ हा शब्द तोंडात बसलेला असतो.

वर्गासाठी दोन बदल केले. रोज एक चुकलेले उत्तर, नाव न सांगता, फळ्यावर ठेवायचे आणि विचारायचे, ‘असे लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल?’ येथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. ज्या मुलाला आम्ही दोन वर्षे कच्चा समजत होतो, तो इतरांची चूक नेमकी कोठून सुरू झाली हे सर्वांत अचूक सांगू लागला, कारण त्या वाटेने तो स्वतः अनेकदा गेलेला होता. दुसरा बदल म्हणजे वही. चाचणीत चुकलेला प्रश्न, तेव्हा केलेला विचार आणि तो विचार कोठे चुकला, अशा तीन नोंदी तीत करायच्या. मी तिला चुकांची वही म्हटले होते. मुक्ताने तिला ‘उसवायची वही’ म्हटले आणि महिन्याभरात सगळा वर्ग तेच म्हणू लागला. वहीत खोडायचे नाही, एवढा एकच नियम होता.

गुण मोठ्याने वाचणे बंद केले, यावर पालकसभेत नाराजी निघाली. “मग आमचा कितवा आहे ते कळणार कसं?” हा प्रश्न रास्त होता. गुण लपवणे हा माझा हेतूच नव्हता. शेवटी उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर गुण आणि त्याखाली मागच्या चाचणीतली कोणती चूक या वेळी झाली नाही याची एक ओळ, असे ठरले. काही पालकांना ते पटले, काहींना वर्षअखेरपर्यंत पटले नाही.

परिणाम

डिसेंबरपासून मुक्ता एकाही चाचणीला गैरहजर राहिली नाही. कोरे सोडलेले प्रश्न कमी झाले. जानेवारीत तिच्या वहीत मला एक नोंद सापडली, “मला वाटलं मोठा छेद म्हणजे मोठा तुकडा. पण जास्त जणांत वाटलं की तुकडा लहान.” वाक्याखाली खोडाखोड नव्हती.

फेब्रुवारी २०२४ मधील परीक्षेत तिला पहिल्या पेपरात ७४ गुण मिळाले. भाषेत ३६ आणि गणितात ३८. दुसऱ्या पेपरात ५६ मिळाले. पात्रतेला ६० हवे होते, म्हणून ती अपात्र ठरली.

निकाल लागला त्या दिवशी ती रडली. तिला समजावण्यासाठी मी काही बोलले नाही, शेजारी बसून राहिले. दोन दिवसांनी ती उत्तरसूची घेऊन आली. दुसऱ्या पेपरातील चुकलेल्या प्रश्नांवर तिने पेन्सिलने खुणा केल्या होत्या, आणि सात प्रश्नांपुढे ‘वेळ संपला’ असे लिहिले होते. घरी तिने खरे गुण त्याच संध्याकाळी सांगितले होते. हे मला आईकडून कळले.

याचा अर्थ सगळे जमले असा नाही. इंग्रजीच्या तासाला तिचे वागणे बरेचसे ऑगस्टसारखेच राहिले. वाचायला सांगितले की आवाज बसतो, उच्चार चुकेल म्हणून ओठ मिटतात. गणितात आलेला धीर इंग्रजीत आपोआप उतरला नाही. तेथेही कोणीतरी तिच्याबरोबर पायापासून बसायला हवे होते आणि आम्ही बसलो नव्हतो.

वेगळे काय करता आले असते

तीन आठवडे दुसऱ्या पेपरातून कापण्याचा निर्णय माझा होता आणि त्याची किंमत तिने चार गुणांनी मोजली. ते तीन आठवडे दिले नसते तर ती पात्र ठरली असती का, हे कोणी सांगू शकत नाही, कारण तेव्हा पहिलाच पेपर ६० च्या खाली होता. तरीही आज पुन्हा ठरवायचे झाले तर मी चाचण्या पूर्ण थांबवणार नाही. पट्ट्यांचे काम जादा तासाऐवजी गणिताच्या नियमित तासिकेत घेईन, कारण ती गरज चौघांची आहे असे मी धरले तरी प्रत्यक्षात निम्म्या वर्गाची होती. हे मला उसवायच्या वह्या तपासताना उशिरा कळले.

वेळेचा मुद्दा मी पुरेसा हाताळला नाही. ७५ प्रश्न आणि ९० मिनिटे म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही नाही. चुकीवर थांबून विचार करायला शिकवलेल्या मुलांना, परीक्षेत कोठे थांबायचे नाही हेही वेगळे शिकवावे लागते. कोणता प्रश्न भीतीने सोडला आणि कोणता हिशेबाने, हा फरक मुक्ताला मी दाखवायला हवा होता. कोरी जागा दिसली की तिने धीर सोडला असे मी मानत गेले, आणि त्यामुळे प्रश्न सोडणे हेही कौशल्य असू शकते याकडे माझे दुर्लक्ष झाले.

आईला मी फार उशिरा भेटले. पहिल्या सराव चाचणीनंतर घरी गेले असते तर एकशे बाराची गोष्ट जन्मालाच आली नसती. आणि तिसरीतून आलेल्या मुलांची अपूर्णांकाची समज चौथीच्या जूनमध्येच कागद हाती देऊन पाहिली असती, तर सुंदर अक्षराच्या आड काय राहून गेले आहे ते वर्षभर आधी दिसले असते.

जूनमध्ये मुक्ता सहावीसाठी माध्यमिक शाळेत गेली. मूल्यमापन नोंदवहीतली तिची शेवटची वर्णनात्मक नोंद लिहायला मला एक तास लागला. ‘हुशार’ हा शब्द मी लिहिला नाही. लिहिले ते असे : ‘अपूर्णांकांची तुलना पट्टीच्या मदतीने स्वतः पडताळते. चुकलेले उदाहरण कोठे चुकले ते सांगते. इंग्रजी मोठ्याने वाचताना सोबत लागते.’ नव्या वर्गशिक्षकांना मी फोन करून यातले तिसरे वाक्य पुन्हा वाचून दाखवले.